वाळूत लिहिलेलं नाव

व्यक्तिचित्रात हात कुठे ठेवायचे, हा चित्रकारांच्या डोक्याला जुना ताप आहे. पंखा द्या, पुस्तक द्या, खुर्चीच्या पाठीवर टेकवा, कुत्र्याच्या डोक्यावर ठेवा. काहीतरी सोय करावीच लागते. फ्रान्सिस्को द गोयानं आल्बाच्या डचेसचं १७९७ साली जे चित्र काढलं, त्यात डावा हात कमरेवर ठेवला आणि उजव्या हाताला कामाला लावलं. त्या हाताची तर्जनी सरळ खाली रोखलेली आहे. काय दाखवतेय म्हणून आपण बोटामागोमाग खाली उतरतो. काळा घोळदार झगा संपतो, टोकदार बूट दिसतात, आणि बुटांच्या पुढ्यात वाळूत दोन शब्द सापडतात : ‘सोलो गोया’. फक्त गोया.

ही अक्षरं आपल्या बाजूनं उलटी आहेत. मान वाकडी केल्याशिवाय ती नीट वाचता येत नाहीत. तिच्या बाजूनं मात्र सुलटी आहेत. सही ही चित्र बघणाऱ्यासाठी असते, खाली कोपऱ्यात, वाचायला सोयीची. इथे सही चित्रातल्या बाईनं वाचावी अशी लिहिली आहे, किंवा तिनंच वाळूत लिहिली असं वाटावं अशी. गोयाला दुसरी शक्यता आपल्या मनात यायला हवी होती, यात मला शंका नाही.

हे तैलचित्र दोन मीटर दहा सेंटिमीटर उंच आणि जवळजवळ दीड मीटर रुंद आहे, म्हणजे बाई पुऱ्या मापाची. या चित्राभोवती चित्रकार आणि डचेस यांच्या प्रेमाच्या कहाण्यांचं इतकं रान माजलंय, की बघणारा आधीच मन बनवून येतो. बोट बघतो, नाव वाचतो, गालात हसतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. माझं म्हणणं एवढंच, की हे चित्र तिच्या प्रेमाचा पुरावा म्हणून वाचलं तर ते अर्ध्यात संपतं. बोट एक बोलतं आणि चेहरा भलतंच बोलतो. त्या दोघांचं न जुळणं हाच या चित्राचा जीव आहे.

बाई कोण, ते आधी उरकून घेऊ. मारिया देल पिलार तेरेसा कायेताना दे सिल्वा, आल्बा घराण्याची तेरावी डचेस. जन्म १७६२ चा. किताब तिला नवऱ्याकडून मिळालेला नव्हता. आजोबा वारल्यावर १७७६ साली तो तिच्याकडे वारसानं आला. त्याआधी बाराव्या वर्षीच तिचं लग्न झालं होतं. स्पेनमध्ये राजघराण्याखालोखाल जी घराणी मोजायची त्यांतलं हे अगदी वरचं. राणी मारिया लुईसाशी तिची चढाओढ माद्रिदभर चर्चेत होती. नवरा होसे आल्वारेस दे तोलेदो शांत, संगीतात रमणारा माणूस. गोयानं त्याचंही चित्र काढलंय, ते प्रादो संग्रहालयात आहे. पियानोवर रेलून तो हायडनच्या गाण्यांची वही चाळतोय, घोडेस्वारीचे बूट तसेच पायात. मला ते चित्र फार आवडतं. त्या घरात आवाज कुणाचा चालत असेल, हे त्या माणसाच्या उभं राहण्यावरून कळतं.

काळ्या डचेसच्या दोन वर्षं आधी, १७९५ मध्ये, गोयानं तिचं एक पांढऱ्या कपड्यांतलं चित्र काढलं होतं. ते आजही माद्रिदला आल्बांच्या लिरिया राजवाड्यात आहे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघावीत, निदान पुस्तकात तरी. पांढऱ्या चित्रात पातळ मलमलीचा झगा, कमरेला लाल पट्टा, छातीवर लाल फीत, केसांत लाल फीत, गळ्यात पोवळ्यांची माळ. पायाशी एक चिमुकलं पांढरं कुत्रं, आणि त्याच्याही मागच्या पायाला लाल फीत! मालकिणीची आणि कुत्र्याची रंगसंगती जुळवण्याचा हा खट्याळपणा गोयालाच सुचावा. तिथेही ती उजव्या हातानं जमिनीकडे बोट दाखवते. तिथेही मातीत अक्षरं आहेत. पण ती सरळ आहेत, आपल्याला वाचता येतात, आणि त्यांत चित्रकारानं आपलं नाव आणि साल घालून चित्र आल्बाच्या डचेसला अर्पण केलंय. सगळं रीतीला धरून. मोठ्या घरचं काम करणारा माणूस जेवढी सलगी दाखवू शकतो तेवढीच.

दोन वर्षांनी बोट तेच, जागा तीच, आणि मजकुरातून डचेसचं नाव गायब. अर्पण गेलं, ‘फक्त’ आलं. अक्षरं फिरून तिच्याकडे तोंड करून बसली. एकाच बाईच्या एकाच हावभावाचं चित्रकारानं दोन वर्षांत काय करून टाकलं ते यात दिसतं, आणि म्हणून पांढरं चित्र माहीत नसेल तर काळ्याचा निम्मा तिखटपणा हातचा जातो.

मधल्या काळात घडलं ते थोडक्यात असं. जून १७९६ मध्ये सेव्हिलला डचेसचा नवरा वारला. ती दक्षिणेला, ग्वादालकिविर नदी समुद्राला मिळते तिथल्या सानलुकार दे बारामेदा गावच्या आपल्या जहागिरीत जाऊन राहिली. गोया त्या सुमारास अंदालुसियातच होता, आणि तिच्याकडे मुक्कामाला होता. तिथे त्यानं एका लहान वहीत शाईच्या पातळ धुवटीनं रेखाटनं केली. केस विंचरणाऱ्या, आळसावलेल्या, अर्ध्या उघड्या बायका, दासी, आणि एका पानावर डचेस स्वतः, मांडीवर मारिया दे ला लूस नावाची काळी मुलगी घेऊन बसलेली. या मुलीला तिनं पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं. त्या पानावरची बाई आणि आपल्या चित्रातली बाई एकच, हे सांगितल्याशिवाय खरं वाटत नाही. वहीतली डचेस सैल आहे, चित्रातली ताठ.

आता तिच्या कपड्यांकडे वळू. नवरा जाऊन वर्ष-सव्वावर्ष झालेलं, म्हणून काळा रंग सुतकाचा, असं बरेच जण म्हणतात. मग कमरेला तो लालभडक, सोनेरी झाक मारणारा पट्टा कशाला? काळ्या जाळीखालून पिवळ्या सोनेरी बाह्या का चमकतात? हा वेश ‘माहा’चा आहे. माद्रिदच्या लाव्हापिएससारख्या गरिबांच्या वस्त्यांतल्या फटकळ, ठसकेबाज, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या बायकांना माहा म्हणत. डोक्यावरून खांद्यावर येणारी मान्तिया, खाली काळी बास्किन्या म्हणजे घागरा, कमरेला घट्ट पट्टा हा त्यांचा बाहेर पडायचा पोशाख. अठराव्या शतकात स्पेनच्या गादीवर मूळच्या फ्रेंच घराण्याचे राजे होते, दरबारात फ्रेंच कपडे आणि फ्रेंच चाली. १७६६ साली एस्किलाचे नावाच्या इटालियन मंत्र्यानं लांब झूल आणि रुंद टोपी वापरायला बंदी केली, तेव्हा माद्रिदमध्ये दंगल पेटली आणि राजाला मंत्री काढावा लागला. कपडे ही तिथे अशी जिवावरची गोष्ट. हळूहळू उच्च कुळांतल्या बायकांनाही रस्त्यावरच्या या अस्सल स्पॅनिश वेशाचा मोह पडला. आपल्याकडे एखाद्या संस्थानच्या राणीसाहेबांनी पोर्ट्रेटसाठी मुद्दाम कोळणीसारखं लुगडं नेसून कमरेवर हात ठेवून उभं राहावं, तसा हा प्रकार. ठसका उचलायचा, टोपली नाही.

दोन वर्षांनी, १७९९ मध्ये, राणी मारिया लुईसानंही गोयाकडून काळ्या मान्तियातलं आपलं चित्र काढून घेतलं. राणीच्या अंगावर तो वेश घातलेला दिसतो. डचेसच्या अंगावर तो तिचा दिसतो. एवढा फरक राणीलाही कळला असणार.

या चित्रातलं काळं हे खरं तर एक स्वतंत्र प्रकरण आहे. लांबून पाहिलं तर एक मोठा काळा आकार, मध्ये लाल पट्टीनं कापलेला. जरा जवळ गेलं की त्या काळ्याचे थर सुटे व्हायला लागतात. झग्याचं काळं जड आणि खोल. त्यावरच्या जाळीदार झालरींचं काळं जरा कोरडं, करडेपणाकडे झुकणारं. मान्तियाचं काळं सगळ्यांत पातळ. केसांवर ते जवळपास विरघळतं, खांद्यावर आलं की खालचा सोनेरी रंग त्यातून वर येतो आणि तिथेच ते कापड आहे याची खात्री पटते. आणखी जवळ जाऊन बघितलं तर लेसची नक्षी कुठेच नाही. फूल नाही, पान नाही, वेल नाही. आहेत ते कुंचल्याचे ठिपके, वळसे, अर्धवट सोडलेले फटकारे. कुठे रंग दाट बसलाय, कुठे जवळजवळ सुका कुंचला नुसता ओढून नेलाय. पाच पावलं मागं सरका, लेस परत तयार. हे गोया जुना स्पॅनिश चित्रकार वेलास्केस याच्याकडून शिकला. तरुणपणी, १७७८ मध्ये, राजसंग्रहातल्या वेलास्केसच्या चित्रांवरून त्यानं कोरीव ठसे केले होते. दुसऱ्याचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर उतरवताना त्याचा प्रत्येक फटकारा कुठून निघाला आणि कुठे थांबला, हे शोधावंच लागतं. नुसतं बघून एवढी शिकवणी होत नाही.

लाल पट्ट्यावर थोडं थांबा. एवढ्या काळ्यात लाल टाकायचं म्हणजे जोखीम. जरा जास्त झालं तर सगळं चित्र पट्ट्याचंच होऊन बसेल. गोयानं तो लाल सलग ठेवला नाही. वर सोनेरी, पिवळट रेघा मारून त्याला तोडला, घड्यांत तो काळवंडू दिला. त्यामुळे डोळा तिथे थबकतो पण अडकत नाही. वर चेहऱ्याकडे जायचं की खाली बोटाकडे, हे ठरवण्याचा नाका म्हणजे हा पट्टा. माझा अनुभव असा, की बहुतेक जण खाली जातात. गोष्ट खाली आहे ना!

पण आपण वर जाऊ. चेहरा पांढरा आहे, पावडर लावल्यागत सपाट पांढरा. भुवया जाड, काळ्याभोर आणि सरळ. कपाळाभोवती ज्यांची ख्याती परदेशी प्रवाशांपर्यंत पोचली होती ते काळे कुरळे केस. ओठ मिटलेले. झग्यावर नाचत सुटलेला कुंचला चेहऱ्यावर एकदम शिस्तीत येतो. गुळगुळीत, सावध, छटा फार न बदलणारा. इतका, की पहिल्या नजरेला हा चेहरा मुखवट्यासारखा वाटतो आणि काही टीकाकारांनी तो चित्राचा दोष म्हणून दाखवलाही आहे. मला तसं वाटत नाही. गोयाला जिवंत चेहरा रंगवता येत नव्हता असं म्हणण्याची सोय नाही; त्याच काळात त्यानं मित्रांचे, नटांचे, मंत्र्यांचे असे चेहरे काढलेत की त्यांना आत्ताच कुणी हाक मारली असं वाटावं. इथे त्यानं दार लावून घेतलंय. किंवा तिनं लावलं आणि त्यानं ते प्रामाणिकपणे रंगवलं.

इथे एका पत्राची आठवण होते. गोयानं आपला जिवलग मित्र मार्तिन सापातेर याला कळवलं होतं, की आल्बाबाई थेट स्टुडिओत शिरल्या, माझा चेहरा रंगवून दे म्हणाल्या आणि रंगवून घेऊनच गेल्या. कॅनव्हास रंगवण्यापेक्षा हे काम मला जास्त आवडलं. आणि आता त्यांचं पूर्ण उंचीचं चित्रही काढायचं आहे. म्हणजे हा चेहरा त्यानं खरोखरीच आधी गालांवर रंगवला आणि मग कॅनव्हासवर. पत्रात फुशारकी आहे, मिश्कीलपणा आहे, खूश झालेल्या माणसाचा सूर आहे. प्रेमपत्र मात्र ते नाही. डचेसच्या मनात काय होतं याबद्दल त्यात एक ओळ नाही. एक मोठ्या घरची बाई हुकूम सोडते आणि प्रसिद्ध चित्रकार तो झेलतो, एवढंच त्यातून कळतं. काळ्या चित्रातल्या बोटाबद्दल विचार करताना हे लक्षात ठेवावं. हुकमाची दिशा चित्रात उलटी झालीय. इथे चित्रकार सांगतो आणि डचेस दाखवते.

त्या बोटाकडे आता जाऊच. उजव्या हातात दोन अंगठ्या आहेत आणि दोन्हींवर अक्षरं. मधल्या बोटातल्या अंगठीवर ‘आल्बा’, तर्जनीतल्या अंगठीवर ‘गोया’. म्हणजे गोया नावाचं बोट गोया नावाकडे रोखलेलं आहे. एवढं कमी म्हणून वाळूत ‘फक्त’ हा शब्द. तो शब्द कितीतरी काळ रंगाच्या थराखाली झाकलेला होता. विसाव्या शतकात चित्राची साफसफाई झाली तेव्हा वर आला. तोवर लोकांना वाळूत नुसतं ‘गोया’ दिसत होतं. नुसतं ‘गोया’ म्हणजे जरा आगाऊ जागी केलेली सही. ‘फक्त गोया’ म्हणजे दावा. पण कसला? फक्त गोयाच तिला रंगवू शकतो, हा कलावंताचा माज? की तिच्या मनात फक्त गोया, ही पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाची इच्छा? दोन्ही अर्थ एका वेळी चालू राहतात, आणि एकाची निवड करायची घाई आपण का करावी?

या दाव्यावर चित्रातल्या बाईची सही नाही. बोट तिचं आहे, पण ते चित्रकारानं तिथे ठेवलंय. नजर समोर आहे, आपल्यावर, आणि तिच्यात कबुली, लाज, थट्टा, यांतलं काहीच नाही. जे बोटानं चाललंय त्याच्याशी आपला संबंध असल्याचं हा चेहरा मान्यच करत नाही. खोटं बोलणाऱ्या चित्रकारानं हा चेहरा सहज विरघळवला असता. ओठांच्या कोपऱ्याला एक हलकी उचल दिली असती तरी भागलं असतं. गोयानं ते केलं नाही. स्वतःची सगळी हाव त्यानं वाळूत आणि अंगठ्यांत ओतली, आणि चेहरा मात्र जसा दिसला तसा ठेवला. दावा त्याचा, आणि त्या दाव्याला मिळालेला नकारही त्याच्याच हातचा. मला या चित्राबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

आणखी एक गोष्ट या बोटाबद्दल बोलताना राहून जाते. गोया तेव्हा ठार बहिरा होता. १७९२ च्या अखेरीस तो दक्षिणेत मोठ्या दुखण्यात पडला, कादिसला मित्राकडे राहून वाचला, पण ऐकू येणं कायमचं गेलं. याच १७९७ मध्ये बहिरेपणापायी त्यानं सान फेर्नान्दो अकादमीतलं चित्रकला विभागाचं संचालकपद सोडलं. तेव्हा सानलुकारच्या त्या मुक्कामात डचेस काय बोलत होती हे त्याला कानानं कळलेलं नाही. ओठ, हात, बोटं, कागदावर खरडलेला मजकूर, यांवर त्याचा सगळा व्यवहार. पुढे १८१२ मध्ये त्यानं बोटांच्या खुणांची पूर्ण मुळाक्षरं एका कागदावर काढून ठेवली आहेत. ज्याच्यासाठी बोट हाच आवाज, त्यानं हे बोट काढलं. ओठ मिटलेले का आणि हात इतका स्पष्ट का, याचा एक साधा धागा मला इथे सापडतो. जमिनीवर लिहून दाखवणं हीसुद्धा बहिऱ्या माणसाशी बोलायची एक रीतच की.

चित्र सगळं काही बिनतोड नाही. मागचा देखावा गोयानं मन लावून केलेला नाही. विरळ झाडं, सपाट पसरलेली जमीन, वर फिकट निळं-करडं आकाश. बाईला उभं करायला कुठेतरी जागा हवी म्हणून ही जागा. शरीरही जरा विचित्र आहे. कमर बाहुलीची, पाय एवढेसे, आणि वरचा सगळा डोलारा त्या टोकदार बुटांवर तोललेला. ती जमिनीवर उभी आहे यापेक्षा जमिनीवर ठेवलीय असं वाटतं. वेलास्केसची माणसं कशी जमिनीला वजन देतात! इथे ते नाही. कुणी याला सुद्धा अर्थ चिकटवतात. मला ती फक्त उणीव वाटते.

चित्र पूर्ण झाल्यावर डचेसकडे गेलं नाही. ते गोयापाशीच राहिलं. १८१२ साली त्याची बायको होसेफा बायेउ वारली आणि घरातल्या वस्तूंची यादी झाली, तेव्हा त्या यादीत आल्बाचं हे चित्र आहे. म्हणजे पंधरा वर्षं होसेफा जिवंत असताना, तिच्या संसारात, ‘फक्त गोया’ असं बजावणारी ही बाई उभी होती. एकोणचाळीस वर्षांचा संसार, अनेक बाळंतपणं, त्यांतून मोठा होईतो जगलेला एकटा मुलगा हाविएर. गोया आणि डचेस यांच्यावर ढीगभर लिहिणाऱ्यांना होसेफाला या चित्राबद्दल काय वाटलं असेल हा प्रश्न फारसा पडलेला दिसत नाही. डचेसनं १७९७ च्या मृत्युपत्रात हाविएरला तहहयात तनखा ठेवला होता. प्रेमाचा पुरावा म्हणून हेही पुढे केलं जातं. पण त्याच मृत्युपत्रात तिच्या आश्रितांची, नोकरचाकरांची मोठी यादी आहे. ती उदार होती, एवढं त्यातून सिद्ध होतं.

मग १७९९ मध्ये गोयाची ‘लोस काप्रिचोस’ ही ऐंशी ठशांची माला निघाली. तिच्यातल्या एकसष्टाव्या पानावर काळी मान्तिया पंखांसारखी पसरून एक बाई हवेत उडून चाललीय. डोक्यावर फुलपाखराचे पंख, पायाशी तिला वाहून नेणाऱ्या तीन कुरूप आकृत्या. चेहरा ओळखीचा. आणखी एक ठसा त्यानं केला आणि मालेत घेतला नाही : दोन तोंडांची बाई, तिचा दंड घट्ट धरून बसलेला, गोयासारखा दिसणारा पुरुष, आणि शीर्षकात खोटेपणा आणि चंचलपणाचं स्वप्न. काळ्या चित्रात जो संताप दाबून ठेवला होता तो इथे फुटून बाहेर आला. मला विचाराल तर त्या ठशांत गोया लहान होतो. तिथे बाईला दोषी ठरवून मोकळं होणं आहे. तैलचित्रात त्यानं स्वतःला ती सवलत दिली नव्हती.

डचेस जुलै १८०२ मध्ये गेली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. विषप्रयोगाची आवई उठली, राणीचं नाव घेतलं गेलं. मूलबाळ नसल्यानं किताब दूरच्या नात्यात गेला. पुढे गोयाची विवस्त्र माहा म्हणजे हीच, असं लोकांनी ठरवून टाकलं. ते चित्र होतं राणीचा लाडका मंत्री गोदोय याच्या संग्रहात, आणि त्यातला चेहरा हिचा नाही हे कुणालाही दिसेल. तरी अफवा इतकी चिवट, की १९४५ मध्ये घराण्यानं तिचे अवशेष उकरून वैद्यांकडून तपासून घेतले. विषाची गोष्ट त्या तपासणीत टिकली नाही. १९५८ मध्ये हॉलीवूडनं एव्हा गार्डनरला डचेस करून सिनेमा काढला, आणि ज्यांनी चित्र कधी बघितलं नव्हतं त्यांनाही प्रेमकथा पाठ झाली.

चित्राचा प्रवास मात्र कोरडा आहे. गोया १८२८ साली बोर्दोला वारला. हाविएरनं हे चित्र फ्रान्सचा राजा लुई-फिलीप याच्यासाठी खरेदी करत फिरणाऱ्या बॅरन टेलरला विकून टाकलं. १८३८ पासून दहा वर्षं ते लूव्रमधल्या स्पॅनिश दालनात लोकांना बघायला मिळालं. राजाची गादी गेली, दालन बंद झालं, आणि १८५३ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात संग्रह फुटला. १९०६ मध्ये ते आर्चर हंटिंग्टन या अमेरिकन धनिकानं घेतलं. स्पेनच्या वेडानं झपाटलेल्या या माणसानं दोन वर्षं आधीच न्यूयॉर्कमध्ये हिस्पॅनिक सोसायटी स्थापन केली होती. तेव्हापासून ते तिथेच आहे.

आपल्याकडची कितीतरी माणसं हल्ली न्यूजर्सीला मुलांकडे जाऊन राहतात, मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची चक्कर मारतात आणि संग्रहालयं झाली असं म्हणून परततात. त्यांना माझी शिफारस आहे, एक दुपार हिस्पॅनिक सोसायटीसाठी काढा. चित्र त्या वेळी भिंतीवर आहे ना, याची आधी खात्री करून घ्या. त्याच इमारतीत सोरोया या चित्रकाराची स्पेनवरची भलीमोठी भित्तिचित्रंही आहेत. जागा ब्रॉडवेवर, १५५व्या रस्त्याजवळ. एक नंबरच्या सबवेनं १५७व्या रस्त्याला उतरायचं. प्रवेशाला पैसे लागत नाहीत.